मेथोट्रेक्सेट, रविवार आणि आणखी एक वर्ष

ताई,

मी मिडवेस्टमधल्या एका मोठ्या हॉस्पिटलात पीजीवाय-१, म्हणजे पदवीनंतरच्या प्रशिक्षणाच्या पहिल्या वर्षाची, फार्मसी रेसिडेंट आहे. फार्म.डी. (फार्मसीची पदवी) इथेच, अमेरिकेत केलं. पीजीवाय-२, म्हणजे एकाच विषयातलं दुसरं वर्ष, करायचं तर क्रिटिकल केअरमध्ये, हे कॉलेजपासून ठरलेलं. पण ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी माझी स्टाफिंगची पाळी होती, म्हणजे आलेल्या ऑर्डर्स तपासून पुढे पाठवायचं फार्मासिस्टचं नेहमीचं काम. हिप फ्रॅक्चर होऊन आलेल्या एका बाईंच्या घरच्या औषधांची ऑर्डर आली. त्यात मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम, रोज. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदाच घेतात, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. तरीही मी ती ऑर्डर व्हेरिफाय केली. क्यूमध्ये ऑर्डर्स तुंबल्या होत्या, फोन वाजत होता. नर्स गोळ्या घेऊन खोलीत गेली, तेव्हा बाईंची मुलगी म्हणाली, "आईची ही गोळी रविवारची असते." तिथे ते थांबलं.

रिपोर्ट मी स्वतःच भरला. कुणी रागावलं नाही. (दुसऱ्या दिवशी ट्रेनिंगच्या सिस्टिममध्ये जाऊन पाहिलं, तर मेथोट्रेक्सेट टाइप केलं की 'रोज' हा पर्याय आधीच निवडलेला येतो.) तेव्हापासून मेडिकेशन सेफ्टी अँड पॉलिसीमध्ये पीजीवाय-२ करावं असं डोक्यात घोळतंय. नवरा म्हणतो, कमिट्यांमध्ये बसायला आणखी एक वर्ष अर्ध्या पगारावर कशाला? एक सीनियर म्हणते, पेशंट सोडून कागद कशाला? आणि माझं मला वाटतं, ही चूक करून सेफ्टीच्या मुलाखतीला कोणत्या तोंडाने जायचं? मी हे नुसत्या अपराधीपणातून तर करत नाही ना?

एक रेसिडेंट

* * *

प्रिय रेसिडेंट,

तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू कंसात टाकलंयस.

चूक झाल्यावर बहुतेक जण "यापुढे मी नीट बघेन" अशी शपथ घेतात. मीही घेतली आहे, चांगली तीन-चार वेळा. ती साधारण पुढच्या गर्दीच्या शनिवारपर्यंत टिकते. अपराधी वाटणारा माणूस रात्रभर जागा राहतो, प्रत्येक ऑर्डर तीनदा उघडून बघतो, सगळ्यांची माफी मागत फिरतो. हे सगळं तूही केलं असशील. पण मेथोट्रेक्सेट टाइप केल्यावर स्क्रीनवर आधी काय उमटतं ते बघायला दुसऱ्या दिवशी सिस्टिममध्ये शिरणं, याला अपराधीपणा पुरत नाही. त्याला एक प्रकारची खोड लागते. ती खोड तुला आहे. तेव्हा तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते: नाही, नुसत्या अपराधीपणातून नाही.

आता त्या शनिवारकडे जरा बघू. तुमच्या रिपोर्टमध्ये त्या घटनेवर 'बी' असा शिक्का बसला असणार. अमेरिकेत औषधांच्या चुका 'ए' ते 'आय' अशा नऊ पायऱ्यांवर मोजतात. 'बी' म्हणजे चूक झाली पण रुग्णापर्यंत पोचली नाही, 'आय' म्हणजे रुग्ण दगावला. 'बी'च्या फायली पटापट बंद होतात, कारण कुणाला काही झालेलं नसतं. पण विचार कर, तीच स्क्रीन, तीच ऑर्डर, तशीच थकलेली रेसिडेंट, आणि मुलगी त्या दिवशी पार्किंगमध्ये जागा शोधत फिरतेय. रोज १५ मिलिग्रॅम घेणाऱ्या माणसाला आधी तोंडात फोड येतात, मग पांढऱ्या पेशी कोसळतात, आणि अशी माणसं गेलेली आहेत. 'बी' आणि 'आय' यांच्यात त्या दिवशी फक्त एक जागरूक मुलगी उभी होती, आणि ती हॉस्पिटलच्या पगारावर नव्हती.

हे काही तुमच्याच हॉस्पिटलात पहिल्यांदा घडलेलं नाही. इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस, म्हणजे आपली आयएसएमपी, हिने २०१४ साली हॉस्पिटलांसाठी मोजक्याच शिफारशींची पहिली यादी काढली. त्यातली एक नेमकी हीच होती: तोंडाने घ्यायच्या मेथोट्रेक्सेटचा डिफॉल्ट आठवड्यातून एकदा असाच ठेवा, आणि कुणी तो बदलून 'रोज' केलाच, तर कॅन्सरचं कारण पडताळल्याशिवाय सिस्टिमने पुढे सरकू देऊ नये. म्हणजे तुझ्या स्क्रीनवर जे चुकलेलं होतं त्याचं उत्तर कित्येक वर्षं छापून तयार आहे. मग ते तिथे का पोचलं नाही? हा प्रश्न तुला छळत असेल, तर मेडिकेशन सेफ्टीचं काम तुला आवडेल. नसेल, तर क्रिटिकल केअर उत्तम आहे, तिकडे जा, त्यात कमीपणा काहीच नाही.

आता तुझ्या सीनियरचं 'पेशंट सोडून कागद'. तिचं म्हणणं अगदीच खोटं नाही. कागद असतात, भरपूर असतात. पण कागद कुठून निघतो आणि कुठे जाऊन थांबतो, ते या वर्षात शिकायचं असतं. मी शिकले ते एका लाल पेनाने.

मी पीजीवाय-२ करत असताना एका वॉर्डातल्या डिस्पेन्सिंग कॅबिनेटमध्ये, म्हणजे औषधांच्या संगणकी कपाटात, हायड्रॅलाझिनच्या कप्प्यात हायड्रॉक्सिझिन भरलं गेलं. एक रक्तदाबाचं, दुसरं खाज आणि अस्वस्थपणासाठी. नावं सख्ख्या बहिणींसारखी, कप्पे शेजारी-शेजारी. रूट कॉज अ‍ॅनालिसिसचा (चूक मुळात का झाली याच्या चौकशीचा) पहिला मसुदा मी लिहिला, आणि शेवटी मोठ्या ऐटीत शिफारस टाकली: 'संबंधित कर्मचाऱ्यांना पुन्हा प्रशिक्षण द्यावे.' माझ्या प्रिसेप्टरने, म्हणजे मला शिकवणाऱ्या फार्मासिस्टने, त्या ओळीवर लाल रेघ मारली आणि विचारलं, "याआधी त्यांना किती वेळा सांगून झालंय?" मी शोधायला गेले. तीन ईमेल सापडले. एक पोस्टरही होतं, दोन्ही नावं मोठ्या अक्षरात लिहिलेलं. पण ते अशा जागी चिकटवलं होतं की कॅबिनेटचं दार उघडलं की पोस्टर दाराआड जायचं. आणि भरणारा माणूस तर दार उघडल्यावरच भरतो! आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी म्हणतात ते हेच.

शेवटी आम्ही दोन्ही औषधं वेगळ्या कप्प्यांत, वेगळ्या रांगांमध्ये नेली, आणि भरताना बारकोड स्कॅन झाल्याशिवाय कप्पा उघडणारच नाही अशी सोय करून घेतली. पोस्टर काढून टाकलं. त्या दिवशी मला कळलं की या धंद्यात उपायांची एक उतरंड असते. तळाशी 'सांगणं' आणि 'नियम काढणं'. त्याच्या वर चेकलिस्ट, दुहेरी तपासणी. मग एकसारखेपणा आणणं. आणि अगदी वर चूक करताच येणार नाही अशी रचना. व्हिन्क्रिस्टिनचं उदाहरण तुला कॉलेजात शिकवलं असेल. ते शिरेतून द्यायचं, पाठीच्या कण्यात गेलं तर माणूस जवळजवळ हमखास जातो. वर्षानुवर्षं सिरिंजवर इशारे छापले गेले, तरी अपघात होत राहिले. मग शहाणपण आलं ते असं की सिरिंज द्यायचीच नाही, लहान सलाइनच्या पिशवीत भरून द्यायचं. पिशवी कुणी कण्याच्या सुईला जोडायला जात नाही. इशारा वाचावा लागतो, पिशवी वाचावी लागत नाही.

म्हणजे पॉलिसी तळाला, मग रेसिडेन्सीच्या नावात 'पॉलिसी' का? तुझ्या नवऱ्याच्या 'कमिट्यां'चं उत्तर इथे आहे, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बाहेरून सगळ्यात रटाळ दिसणारा भाग हाच आहे आणि मला सगळ्यात जास्त आवडतो तोही हाच.

आमच्याकडे नवजात बाळांच्या युनिटमध्ये औषध देण्याआधी बाळाच्या पट्टीवरचा बारकोड स्कॅन करायचा अशी पॉलिसी होती. स्वच्छ, एका पानाची, सह्या झालेली. आकडेवारीत स्कॅनिंगचं प्रमाण उत्तम. मी तिथे एक रात्र नुसती खुर्ची टाकून बसले. बाळाची पट्टी घोट्याला बांधलेली. घोटा केवढा, तर माझ्या अंगठ्याएवढा. त्याच्याभोवती बारकोड गुंडाळला जायचा, अर्ध्या रेघा पलीकडच्या बाजूला, स्कॅनर वाचायचा नाही. वाचावा म्हणून पाय धरून फिरवला की बाळ उठणार, रडणार, त्याचा ऑक्सिजन खाली येणार. म्हणून नर्सेसनी प्रत्येक पट्टीची एक जादा प्रत छापून पाळण्याच्या कडेला चिकटवली होती. तीच स्कॅन व्हायची, तीच आकडेवारीत जायची. बाळ पाळण्यातून हलवलं की मात्र प्रत जुन्याच पाळण्यावर राहायची.

आता पॉलिसी काय करणार? 'जादा प्रत छापू नये' असं आणखी एक वाक्य घालणार? घातलं असतं तर प्रती पाळण्यावरून उचलून कुणाच्या तरी खिशात गेल्या असत्या. आम्ही लेबलवरचा कोड बदलून घेतला. लांब रेघांच्या जागी छोटा चौकोनी कोड आणला, तो घोट्याच्या एकाच बाजूला मावायचा. त्यासाठी प्रिंटरवाले, आयटीवाले, नर्सिंगच्या मॅनेजर, खरेदी विभाग, आणि हो, तीन कमिट्या. पाच महिने लागले. पॉलिसीतला एक शब्दही बदलावा लागला नाही, ती पहिल्यांदाच खरी झाली. अशा कामात पेशंट सुटत नाही. फक्त त्याच्या खोलीत तू नसतेस.

दुसरी बाजूही आहे. कधीकधी पॉलिसी हेच औषध असतं, आणि रात्रीत काढावं लागतं. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाने नॉर्थ कॅरोलायनात बॅक्स्टर कंपनीच्या नॉर्थ कोव्हच्या कारखान्यात पाणी घुसलं. देशातल्या सलाइनपैकी सुमारे ६० टक्के तिथून यायचं. चार-आठ दिवसांत हॉस्पिटलांना ठरवावं लागलं की कुणाला शिरेतून पाणी आणि कुणाला तोंडाने, कोणती शस्त्रक्रिया पुढे ढकलायची, कोणतं अँटिबायोटिक पिशवीऐवजी सिरिंजने हळू द्यायचं. आणि यातला प्रत्येक बदल नवी चूक घेऊन येतो. पिशवीतून अर्ध्या तासात जाणारं औषध सिरिंजने किती मिनिटांत द्यायचं? ते कोण तयार करणार, वॉर्डात नर्स की खाली फार्मसी? लेबलवर काय लिहायचं? पंपाच्या लायब्ररीतली (त्यात साठवलेल्या औषधांच्या यादीतली) जुनी नोंद तशीच राहिली तर? हे सगळं कुणीतरी बसून लिहिलं, हॉस्पिटलातल्या औषधांचे निर्णय घेणाऱ्या पी अँड टी कमिटीकडून मंजूर करून घेतलं, आणि सकाळच्या पाळीआधी वॉर्डावर पोचवलं. ते 'कुणीतरी' म्हणजे हीच माणसं. त्या आठवड्यांमध्ये कमिट्यांना कुणी नावं ठेवली नाहीत.

बाकी वर्षभरात काय असतं ते थोडक्यात: रोजचे रिपोर्ट वाचणं, अ‍ॅनालिसिसच्या बैठका, एखादी नवी पद्धत सुरू करण्याआधी ती कुठे कुठे फसेल याचा तक्ता मांडणं, फॉर्म्युलरीसाठी (हॉस्पिटलच्या मंजूर औषधांच्या यादीसाठी) औषधांचे आढावे, पंप-बारकोड-कॅबिनेट यांच्यातली भांडणं सोडवणं, तपासणीला येणाऱ्या जॉइंट कमिशनच्या (हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या) माणसांसमोर न घाबरता बोलणं, आणि एक वर्षभराचा प्रोजेक्ट. स्टाफिंगच्या पाळ्या सुटत नाहीत. त्या सुटाव्यातही असं मला वाटत नाही, क्यू तुंबल्यावर डोकं कसं चालतं ते विसरलेला सेफ्टीवाला धोकादायक असतो.

पैशांचं स्पष्ट बोलते, कारण नवऱ्याचा मुद्दा हिशेबाचा आहे आणि हिशेबाला हिशेबानेच उत्तर द्यावं. सरकारी आकड्यांप्रमाणे २०२३ मध्ये इथल्या फार्मासिस्टचा मधला वार्षिक पगार १,३६,०३० डॉलर होता. रेसिडेंटला साधारण ५० ते ६० हजारांच्या घरात मिळतात. म्हणजे आणखी एका वर्षाची किंमत कर धरण्याआधी ७६ ते ८६ हजार डॉलर, वर शैक्षणिक कर्ज असेल तर त्याचं व्याज. मेडिकेशन सेफ्टी ऑफिसरचा पगार वॉर्डातल्या क्लिनिकल फार्मासिस्टपेक्षा इतका जास्त नसतो की ते दोन वर्षांत भरून निघावं. पैशांसाठी करायचं असेल तर करू नकोस, एवढं मी तुझ्या नवऱ्याच्या बाजूने बोलते.

आणि त्याला हेही सांगते की या कामासाठी पीजीवाय-२ सक्तीचं नाही. माझ्या ओळखीतले निम्मे चांगले सेफ्टी फार्मासिस्ट स्टाफिंगमधूनच वर आलेत. कुणी दहा वर्षं रात्रपाळी केली, कुणी आयटीच्या प्रोजेक्टमध्ये अडकला आणि तिथेच रमला. तू पुढच्या जुलैपासून नोकरी धरून हॉस्पिटलच्या सेफ्टी कमिटीत शिरलीस तरी रस्ता आहे, फक्त लांबचा. रेसिडेन्सीने मिळतं ते हे की ज्या खोल्यांमध्ये शिरायला एरवी सात-आठ वर्षं लागतात, तिथे तुला पहिल्या आठवड्यात खुर्ची मिळते, आणि अडाणी प्रश्न विचारायची मुभा. पुढचे दरवाजेही वेगळे असतात. काही जण हॉस्पिटलात राहतात, काही आयएसएमपीसारख्या ठिकाणी जातात, काही एफडीएमध्ये, म्हणजे सरकारी औषध नियामकाकडे. तिथे एक विभाग फक्त औषधांच्या चुका टाळण्यावर काम करतो, नव्या औषधाचं नाव जुन्या कुणाशी घोटाळा करेल का हे तिथे तपासतात. ब्रिंटेलिक्स हे नैराश्यावरचं औषध आठवतं? रक्ताच्या गुठळ्या रोखणाऱ्या ब्रिलिंटाशी त्याची गल्लत व्हायला लागली म्हणून २०१६ मध्ये त्याचं नाव बदलून ट्रिंटेलिक्स करावं लागलं. एका अक्षरासाठी देशभरातली लेबलं बदलली. अशा गोष्टी वाचून तुझ्या अंगावर काटा येत असेल, तर तुझा आणि माझा आजार एकच.

आता 'कोणत्या तोंडाने'.

हा प्रश्न तू एकटीच विचारत नाहीस. टेनेसीतल्या राडोंडा वॉट या नर्सचा खटला तुला माहीत असेल. डिसेंबर २०१७ मध्ये तिला व्हर्सेड हे शांत करणारं औषध हवं होतं, तिने कॅबिनेटवर पहिली दोन अक्षरं दाबली, 'व्हीई', आणि ओव्हरराइड करून, म्हणजे फार्मसीच्या तपासणीला वळसा घालून, स्नायू लुळे करणारं व्हेक्युरोनियम बाहेर आलं. रुग्ण दगावली. चूक तिने स्वतः सांगितली होती. मार्च २०२२ मध्ये तिला गुन्हेगार ठरवण्यात आलं आणि मे महिन्यात तीन वर्षांची प्रोबेशन मिळाली. तिने वाटेतले कितीतरी इशारे ओलांडले हे खरंच आहे, मी ते झाकणार नाही. पण त्या निकालानंतर देशभरच्या नर्सेस आणि फार्मासिस्ट्सच्या पोटात गोळा आला तो या विचाराने की सांगितलं तर आत जाऊ. रिपोर्ट आटले की सेफ्टीवाले आंधळे होतात. दोन अक्षरांवर औषध बाहेर देणारी कॅबिनेटं मात्र कुठल्याच कोर्टात उभी राहिली नाहीत. आयएसएमपीचं म्हणणं आहे की ओव्हरराइडने औषध शोधताना निदान पहिली पाच अक्षरं टाकावी लागावीत. तुमच्याकडे किती लागतात? जाऊन बघ.

तेव्हा ज्या माणसाने चूक केली, स्वतः कळवली आणि मग कारण शोधायला गेला, त्याला सेफ्टीच्या मुलाखतीत तोंड लपवायचं कारण नाही. मी उमेदवारांच्या मुलाखती घेते. "मी अजून चूक केलेली नाही" म्हणणाऱ्याची मला जास्त काळजी वाटते. एक तर त्याने काम केलेलं नाही, नाहीतर त्याला कळलेलं नाही.

पण सांगायची पद्धत असते. रुग्णाचं वय, तारीख, डॉक्टर, वॉर्ड, यातलं काही ओळखू येईल असं बोलायचं नाही. हॉस्पिटलच्या अंतर्गत चौकशीतले कागद आणि त्यातले निष्कर्ष तुझे नाहीत, ते बाहेर न्यायचे नाहीत, त्यांना कायद्याचं संरक्षण असतं आणि ते टिकलं पाहिजे. आधी तुझ्या रेसिडेन्सी डायरेक्टरला सांग की मी हा अनुभव मुलाखतीत मांडणार आहे, एवढं एवढं बोलणार आहे, चालेल का. आणि बोलताना तुझ्या अपराधीपणाला दोन वाक्यांपेक्षा जास्त जागा देऊ नकोस. समोरच्यांना तुझे अश्रू नकोत, ती स्क्रीन हवी आहे.

अश्रूंसाठी दुसरी जागा शोध, आणि हे मी गमतीत म्हणत नाही. चुकीत सापडलेल्या डॉक्टर-नर्सला अल्बर्ट वू यांनी २००० साली 'दुसरा बळी' म्हटलं. शब्दावर वाद आहेत, कारण पहिल्या बळीच्या घरच्यांना तो टोचतो, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. पण अवस्था खरी आहे. पुढे हे काम करायचं तर रोज कुणाची तरी अशीच कहाणी तुझ्या टेबलावर येणार. समोर बसलेली टेक्निशियन रडत असणार, आणि तुला एकाच वेळी तिला पाणी द्यायचंय आणि तिच्याकडून घटनाक्रमही काढायचाय. स्वतःचा शनिवार अजून उघडा असेल तर ते जमत नाही. बहुतेक हॉस्पिटलांमध्ये सहकाऱ्यांचा आधारगट असतो, नसेल तर समुपदेशक गाठ. अर्जाच्या आधी.

वेळ फार नाही. अर्ज जानेवारीच्या सुरुवातीला, मॅचचा, म्हणजे उमेदवार आणि प्रोग्रॅम यांची जुळणी करणाऱ्या प्रक्रियेचा, पहिला निकाल मार्चमध्ये. तुमच्याच हॉस्पिटलात हा पीजीवाय-२ असेल तर मॅचच्या आधीच अर्ली कमिटमेंटने जागा घेता येते, पण घरचा प्रोग्रॅम आहे म्हणून डोळे मिटून सही करू नकोस. देशात या विषयाचे प्रोग्रॅम मोजकेच आहेत, क्रिटिकल केअरच्या मानाने तर मूठभर, त्यामुळे डिसेंबरच्या मिडइयर या फार्मासिस्टांच्या अधिवेशनात सगळ्यांशी बोलणं जमण्यासारखं आहे. तिथे त्यांना माझे दोन आवडते प्रश्न विचार. रेसिडेंटला अ‍ॅनालिसिसच्या बैठकीत बसू देतात, की नंतर फक्त इतिवृत्त टाइप करायला देतात? आणि गेल्या वर्षभरात तुम्ही कोणती पॉलिसी रद्द केलीत? दुसऱ्या प्रश्नावर बरेच जण गोंधळतात. नव्या पॉलिसी सगळेच काढतात, पण ज्या प्रोग्रॅमला एखादी जुनी, निरुपयोगी पॉलिसी पुरून टाकल्याची गोष्ट उत्साहाने सांगता येते, तिथे शिकायला मिळतं. शक्य असेल तर सध्याच्या रेसिडेंटला एकटीला गाठून विचार, तुझ्यामुळे वॉर्डात काय हललं? कुठला कप्पा, कुठलं बटण, कुठलं लेबल? उत्तरात फक्त पोस्टर आणि प्रेझेंटेशन आली तर पुढच्या टेबलाकडे वळ.

माझा कौल विचारशील तर अर्ज कर. क्रिटिकल केअरचे अर्जही भरून ठेव, मॅचसाठी पसंतीची यादी लावायची वेळ फेब्रुवारीच्या शेवटाकडे येईल, तोवर तुझं तुला कळेल. मधल्या काळात तुमच्या मेडिकेशन सेफ्टी ऑफिसरकडे एक महिन्याची इलेक्टिव्ह (स्वतः निवडलेलं प्रशिक्षण) मिळते का ते बघ. महिनाभर रिपोर्ट वाचून कंटाळलीस तर ८० हजार डॉलर वाचले. नवऱ्यालाही ही कल्पना आवडेल.

एक राहिलं. रिपोर्टमध्ये तू तुझी चूक लिहिलीस. 'रोज' आपोआप येतो हे लिहिलंस का? ते तू रिपोर्टनंतर, दुसऱ्या दिवशी पाहिलंस, आणि पुढे कुणाला सांगितल्याचं पत्रात कुठे नाही. जर सांगितलं नसशील, तर ती स्क्रीन आज या क्षणीही तशीच आहे आणि तिच्यासमोर कुणीतरी बसलंय. पर्सनल स्टेटमेंट राहू दे बाजूला. आज पाळी सुरू व्हायच्या आधी स्क्रीनचा फोटो जोडून आयटीकडे तिकीट टाक, सेफ्टी ऑफिसरला प्रत पाठव, आणि डिफॉल्ट बदलला की मला दोन ओळी लिही.

तुझी,
ताई